माडीची झडप

खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या भेगेवर सेलिनने काचेची पातळ पट्टी चिकटवली होती. भिंत केसभर हलली असती तरी ती तडकली असती. चौदा महिने पट्टी अखंड होती.

"काच राहू दे. रिपोर्ट वाच आणि सही कर," जॅक्सन म्हणाला.

वसईतल्या त्या रस्त्यावर खाली दुकान, वर बिऱ्हाड असं घर पहिल्यांदा बांधलं ते सेलिन आणि जॅक्सनच्या वडिलांनी. आता वर सेलिन एकटी राहायची, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. खाली कृष्णा शिंपी. थोरला भाऊ जॅक्सन नायगावच्या टॉवरमध्ये. घर दोघांच्या नावावर होतं. ते पाडायला दोघांच्या सह्या लागत, आणि सेलिन तीन वर्षं नुसतं "बघू" म्हणत आली होती.

"मॅडम, दर्शनी भाग तसाच ठेवणार," बिल्डरचा माणूस परेश म्हणाला. "लाकडी फळ्या, गॅलरी... एकदम हेरिटेज लुक!"

"गॅलरीमागे राहणार कोण?"

"मागे? मागे पार्किंग येईल."

सेलिनने बिल्डरच्या इंजिनियरचा रिपोर्ट उघडला. चौथ्या पानावर लिहिलं होतं: माडीची जमीन कोसळून दोन फुटी भगदाड पडले आहे, राहण्यास धोकादायक. तिने ते दोनदा वाचलं. मग उठून खाट सरकवली आणि लोखंडी कडी धरून जमिनीतली झडप वर उचलली. शिलाई मशीनचा आवाज एकदम खोलीत आला.

"चहा सोडताय काय, टीचर?" खालून कृष्णाने विचारलं.

"आज नाही, कृष्णा."

गल्ला सोडून वडिलांना वर येता येत नसे, म्हणून त्यांनीच ही झडप केली होती; आई तिच्यातून जेवणाची टोपली खाली सोडायची. दोरी धरायचं काम जॅक्सनचं.

"दादा, हे भगदाड?"

जॅक्सन खिडकीबाहेर पाहू लागला.

"इंजिनियर खालून बघत होता तेव्हा तू शेजारीच होतास. सांगितलं नाहीस?"

"त्याने विचारलं नाही."

"आणि तू बोलला नाहीस."

"मोठी शास्त्रज्ञ! सही नाही केलीस तर हा रिपोर्ट सोमवारी महापालिकेत जाईल. नोटीस आली की सामान घेऊन रस्त्यावर. मग बस काचा चिकटवत!"

परेशने हळूच पेन पुढे सरकवलं. सेलिनने रिपोर्ट मिटून पेनाशेजारी ठेवला.

"जाऊ दे महापालिकेत," ती म्हणाली. "सोमवारी मीपण तिथे येते, हे घर जतन करायच्या वारसा वास्तूंच्या यादीत घ्या असा अर्ज घेऊन. ही झडप कोणी केली, कशासाठी केली, ते तुझ्यासमोर सांगेन. मी सही करणार नाही, दादा."