दोन काठांमधली केबल

मी एक जुनी केबल आहे, पाण्याखालची. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, कारण माझे बहुतेक अंग एका धरणाच्या गाळात रुतलेले आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरणारे पाणी जिथे अडवले आहे, तिथे पाण्याच्या मधोमध एक टेकडी उभी आहे. धरण झाल्यापासून ती बेट झाली, वरच्या वस्तीसकट. माझे एक टोक त्या टेकडीवर आहे, दुसरे काठावर. स्वस्थ पडून राहणे माझ्या नशिबी नाही. ऊन वर आले की माझ्यातून वीज धावू लागते. ढग आला की ती थबकते, ढग सरला की पुन्हा धावते.

खरे तर मी समुद्रासाठी जन्मले. कारखान्यात तांब्याच्या तारा पिळल्या गेल्या, त्यांच्यावर जाड वेष्टन चढले आणि त्यावर पोलादी तारांचे चिलखत. माझी लांबलचक बहीण खाऱ्या पाण्यात गेली, कुठल्याशा बेटाची वीज किनाऱ्यावर न्यायला. मी उरलेला तुकडा होते. लाकडी रिळावर गुंडाळलेली, गोदामात धूळ खात होते. टेकडीवरच्या सहकारी वीज संस्थेने मला स्वस्तात उचलले. तरीसुद्धा माझी किंमत टेकडीवरच्या सगळ्या सौर पॅनेलांच्या जवळपास जात होती. वीज तयार करण्याइतकाच ती पलीकडे नेण्याचा खर्च! हे लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. संस्थेचे अध्यक्ष नानासो यांनी मला हार घातला आणि नारळ फोडला.

"ऊस कारखान्याला जातोय, दूध डेरीला जातंय. आता आपलं ऊनबी बाजाराला जाणार!" ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

व्यवहार मात्र दिसत होता तेवढा सोपा नव्हता. विकलेली वीज मोजणारा मीटर काठावर होता. माझ्या अंगात वाटेत जेवढी वीज जिरते, तेवढा तोटा टेकडीच्या नावावर पडत असे. पावसाळ्यात टेकडीवर धुके बसले की मी जवळजवळ रिकामी पडे, पण माझ्या देखभालीचा खर्च बारमाही चालू. तो निघावा म्हणून संस्थेने करार करून अख्खी वीज विकून टाकली होती. टेकडीला स्वतःसाठी लागणारी वीज पुन्हा काठावरून, माझ्यातूनच, विकत घ्यावी लागे, तीही विकल्याच्या दुपटीहून महाग.

माझे टेकडीवरचे टोक जिथे जोडले आहे, त्या पॅनेलघराला लागून बांधलेली एक थंड खोली या महागाईपायी बंदच राहिली. स्ट्रॉबेरीसाठी ती बांधली होती. टेकडीवरची फळे लाँचने काठावर, तिथून टेम्पोने वाईला जातात. लाँचला उशीर झाला की उन्हात फळ मऊ पडते, आणि मऊ फळाला व्यापारी हात लावत नाही.

संयोगिताची स्ट्रॉबेरीची बाग टेकडीवर सर्वांत मोठी. तिचा नवरा जयराज फौजेत. मागच्या साली तिचा निम्मा माल धक्क्यावरच नासला. पॅनेलघराच्या सावलीत बसून ती त्याच्याशी फोनवर बोले, तेव्हा मला ऐकू येई.

"या सालीबी माल नासला, तर साताऱ्यात खोली बघू. पोरीला घिऊन खाली ये," तो म्हणाला.

"आन् बाग?"

"बाग काय पाठीवर घिऊन हिंडणार हायस?"

या हंगामानंतर ठरवू, एवढे तिने कबूल केले.

दरम्यान माझी वर्षे सरत होती. पहिल्यासारखे कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरते आणि बुडालेली शेते उघडी पडतात. त्या ओल्या जमिनीत लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. तिथे माझ्या वाटेवर, खाली मी आहे हे कळावे म्हणून, लाल खांब रोवलेले असत. दरवर्षी ते तपासायचे असतात. कोणी तपासले नाहीत.

टेकडीवरच्या सयाजीआबांचे वडिलोपार्जित रान काठाकडच्या गाळपेरीत होते. पाणी उतरले की आबा आधी अनवाणी चालत. जुन्या बांधाचे दगड पायाला लागले की त्यांना बरे वाटे. या चैत्रात बांध सापडला, पण शेजाऱ्याशी वाद नको म्हणून हद्दीला खूण हवी होती. जवळच माझा लाल खांब उभा होता. आबांनी तो उपटला आणि बांधावर रोवला. मग कडवळ, म्हणजे गुरांचा चारा, पेरायला भाड्याचा ट्रॅक्टर आणला.

नांगराचा फाळ माझ्या चिलखतात अडकला. ट्रॅक्टरने हिसका दिला आणि मला पूर्वी जिथे जोड दिला होता, तो जुना सांधा उखडला. पॅनेलघरातली यंत्रणा त्याच क्षणी आपोआप बंद झाली, म्हणून माणसे वाचली.

"आवं आबा, हितं तार हाय!" ट्रॅक्टरवाला ओरडला.

"हितं कशी असंल? खांब तर तिकडं बांधावर हाय."

"तिकडं कुणी नेला?"

"मीच नेला की. बांध तिथं हाय न्हवं!"

ट्रॅक्टरवाल्याने कपाळावर हात मारला.

मी दोन तुकडे होऊन पडले. टेकडीवर ऊन रणरणत होते आणि वीज कुठे जाणार हे तिलाच कळत नव्हते. मी तळमळत होते. त्याच सकाळी संयोगिताच्या फळांचा मोठा तोडा झाला होता आणि लाँचचे इंजिन बिघडले होते. फळांचे डबे धक्क्यावर रचलेले. तिने वायरमन अर्जुनाला गाठले.

"अर्जुनभाऊ, पॅनेलं वर तापत्यात आन् माझं फळ खाली. काय तरी करा."

"तार तुटलीया, म्हंजी आता वीज कुणाला विकताबी येत न्हाई," अर्जुना म्हणाला. "पर नानासो बोंबलतील."

"बोंबलू द्या. फळ बोंबलत न्हाई, गुमान नासतं."

अर्जुनाने पॅनेलांच्या विजेवर, पॅनेलघरातल्या बॅटऱ्यांच्या आधाराने, थंड खोली चालू केली आणि डबे आत गेले. लाँच दुरुस्त होऊन आली तेव्हाही फळ कडक होते. वाईच्या व्यापाऱ्याने सगळे उचलले.

मग संस्थेची सभा भरली, पॅनेलघरासमोरच. वीजविक्रीचा करार नव्याने करायचा होता.

"केबल जोडायची, आन् आधीसारखी समदी वीज..." नानासोंनी सुरुवात केली.

"मंजूर! मंजूर!" मागून आवाज उठले.

"आरं, वाचू तर द्या!" संस्थेच्या सभासद तानुबाई कडाडल्या. "गेल्या बारीला आसंच वरडला आन् समदी वीज घालवून बसला."

संयोगिता उभी राहिली. "नानासो, आपण घरच्या म्हशीचं दूध डेरीला घालतोय आन् च्यापुरतं पिशवीतलं इकत आणतोय. आधी खोलीला वीज द्या. उरंल ती इका."

"आन् केबलचा खर्च?" नानासोंनी विचारले. "इक्री घटली तर ती जपायची कुणी? आसं आसंल तर तांबं मोडीत घालू, म्हंजी सुटलो!"

मी ते ऐकले. पहिल्यांदाच मला माझ्या तांब्याची भीती वाटली.

"मोडीत कशाला? पावसाळ्यात पॅनेलं झोपल्यावर दिवं काय तुमच्या मिशीवर लावायचं?" संयोगिता म्हणाली. लोक हसले. "आमी बायका खोलीचं भाडं देऊ. त्यातनं केबल जपा."

सयाजीआबा खालमानेने म्हणाले, "खांब मी रोवतो. दर साली." मग विषय नीट वाचला गेला आणि मंजूर झाला.

माझा सांधा पुन्हा जुळला. संयोगिता साताऱ्याला गेली नाही. जयराजच सुट्टीवर आला आणि डबे वाहू लागला. माझ्यातून आता उरलेली वीज जाते, कधी भरपूर, कधी नाममात्र. खोलीचे यंत्र घुमू लागले की मला हलके वाटते आणि लगेच काळजीही वाटते. कारण संयोगिता दुसऱ्या खोलीचे बोलते आहे. शेजारच्या बायकाही बोलत आहेत. त्यांच्या बागा वाढतील तसे माझे काम घटत जाईल. तो दिवस यावा असे मला वाटते आणि येऊ नये असेही वाटते.

मित्रांनो, माझे मागणे थोडके आहे. जी वस्तू तुमचे धन बाहेर नेते, तिच्यावर नजर ठेवा. ती किती नेते, वाटेत किती सांडते आणि घरात काय उरते, हे विचारत राहा. तिला जपा. आणि माझी गरज संपलीच, तर मला गाळात विसरून जाऊ नका. बाहेर काढा, चिलखत सोडवा, तांबे वेगळे करा. त्या तांब्याची तार ओढून कुठल्याही घरात लावा. अंतर थोडे असले तरी मला चालेल.