बाजूची वाट

मित्रांनो, मी एक जुनी चिप आहे. नखाएवढी, काळी आणि अजूनही रागावलेली. पुष्कळ प्रोसेसर मिळून एक मोठं गणित सोडवतात, तेव्हा ते एकमेकांना माहितीची पॅकेटं पाठवतात. त्यांच्या वाटा जिथे मिळतात, तिथे चौकाचौकात माझ्यासारखी एकेक चिप असते. पत्ता वाचायचा आणि पॅकेट पुढे लावून द्यायचं, हे आमचं काम.

माझा आराखडा वहिनीने काढला. तो तपासायचं काम तिच्या धाकट्या नणंदेकडे होतं. दोघी एकाच घरात राहत, ऑफिसातही समोरासमोर बसत, पण दोघींत विस्तव जात नसे.

एकदा नणंद म्हणाली, "वहिनी, चार चौक एकदम भरले तर ही अडकणार. जो तो पुढचा सरकायची वाट बघत बसेल. बाजूने एक मोकळी वाट ठेव."

"घरी भाजीतल्या मिठापासून तुम्हाला खोट दिसतेच, वन्सं. आता इथेही?"

नणंद साहेबांकडे गेली. साहेब हसले. "नणंद-भावजयीचं भांडण घरी मिटवा," म्हणाले.

मी तशीच तयार झाले. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मग समुद्रात वादळ उठलं आणि त्याची दिशा काढायचं काम आमच्यावर आलं. पॅकेटांचा लोंढा आला, चारही चौक तुंबले. पुढची हलेना, म्हणून मी हलेना. गणित थांबलं. किनाऱ्याला इशारा उशिरा गेला. दोन नावा फुटल्या. माणसं कशीबशी वाचली.

मला उपटून वहिनीच्या टेबलावर टाकलं. साहेबांनी जाब विचारला, तेव्हा वहिनी म्हणाली, "तपासणी यांच्याकडे होती." साहेब सगळं जाणून होते, तरी त्यांनी तेच लिहून घेतलं. नणंदेची नोकरी गेली.

संध्याकाळी दोघींना न्यायला वहिनीचा नवरा आला.

"दादा, मी आधी सांगितलं होतं की नाही, विचार हिला!" नणंद म्हणाली.

त्याने विचारलं. वहिनी टेबल पुसत राहिली. त्याने बहिणीचं सामान उचललं आणि तिला घेऊन निघून गेला. वहिनीसाठी थांबला नाही.

नव्या चिपेत बाजूची वाट आहे. ती कधी अडत नाही. "कल्पना कुणाची?" असं पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "माझीच." उपटताना वाकलेल्या तारांच्या पायांनी तिच्या टेबलाच्या खणात पडून मी ते ऐकलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. दोष दाखवणाऱ्या माणसाला जपा, मग त्याचं तोंड बघवत नसलं तरी. तेवढं जमणार नसेल, तर आम्हाला बनवूच नका.