खेळ मोफत

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दुकानातल्या स्पीकरवरचं एक वाक्य ऐकून. आवाज तसा मधाळ होता. "छत्रीचे पालक, कृपया काउंटर दोनवर या."

छत्री म्हणजे चार वर्षांची एक मुलगी, आणि तिला छत्री बाईंनीच केलं होतं.

बालवर्ग आणि पहिली मिळून चौतीस वर्षं शिकवताना बाईंनी एक रीत सोडली नव्हती. मूल कामाला बसलं की आधी त्या वस्तूवर त्याची खूण. लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. कुणी मासा, कुणी किल्ली, कुणी बस. ज्याची खूण त्यानेच निवडायची, कोपऱ्यात काढायची, मगच कामाला हात घालायचा. "खूण केली की ती वस्तू तुझी," बाई सांगत. "बिघडली तरी तुझी आणि साधली तरी तुझी." निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ही रीत त्यांच्या हाडीमाशी खिळली होती.

दुकान लहान मुलांच्या कपड्यांचं. दारात माणसाएवढा फलक उभा केलेला: 'स्वस्त कपडे, मस्त रविवार! आई-बाबांसह या. मुलांसाठी शर्ट रंगवण्याचा खेळ मोफत!' मॅनेजर बाईंच्या हाताखालून गेलेला. आठवड्यापूर्वी तो घरी आला आणि म्हणाला, "बाई, ही फौज तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?" झालं. बाई लोण्यासारख्या विरघळल्या. घरात बसून बसून त्यांना भिंती खायला उठल्या होत्या. देणार काय, घेणार काय, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. बाटल्यांची बुचं, स्पंजचे तुकडे, रिकामी रिळं असं पिशवीभर सामान गोळा करून त्या रविवारी सकाळी दहालाच हजर झाल्या.

अकराच्या गटाला बावीस मुलं आली. वरच्या मजल्यावर लांब टेबलं, त्यांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर पांढरे शर्ट. आईबाप मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे कानाला लावून बसले होते. कॉलरच्या आतल्या बाजूला खुणा काढून झाल्या आणि मग जे काही सुरू झालं, ते पाहून बाईंचं वय वीस वर्षांनी उतरलं. टोपी घातलेला एक बाप तर मुलाच्या हातातून ब्रश घेऊन स्वतःच रमला.

"अहो, द्या की त्यालाही," त्याची बायको म्हणाली. "खेळ पोरांसाठी आहे."

"थांब गं, एवढं चाक होऊ दे."

"घरी कधी साधा खिळा ठोकला नाही, आणि इथं चाकं काढताहेत!"

सगळं टेबल हसलं. छत्रीची आई मात्र शब्दही न बोलता रिळाचे ठसे मारत होती. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती ती. आठवड्यात सुट्टी एकच, हीच. बाई शेजारून गेल्या तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "मला कुणी असं बसवलंच नव्हतं कधी."

"मग बस आता निवांत," बाई म्हणाल्या.

छत्रीने निळ्या बोटाने बाईंचा पदर ओढला. "बाई, हा घरी न्यायचा?"

"तर काय! तुझी खूण आहे ना त्यावर?"

बावीस कानांच्या जोड्यांनी ते ऐकलं.

कोपऱ्यात दुकानाचे शिंपीकाका बसत. एरवी पँटच्या दुमडी मारायचं त्यांचं काम. आज ते रंगवलेले शर्ट इस्त्रीखाली घालून रंग पक्का करत होते. बाईंनी पाचसहा शर्ट नेऊन दिले तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाह्या बघितल्यात का ह्यांच्या? डावी लांब, उजवी आखूड. कारखान्याने नाकारलेला माल आहे हा. वर्षभर पोत्यात पडून होता. फडकी करणार होतो त्याची."

"असू दे हो काका. पोरांना कुठं बाह्या मोजायच्यात?" बाई हसल्या. टाकाऊ कापड मुलांना खेळायला दिलं म्हणून त्यांना मॅनेजरचं कौतुकच वाटलं. शहाणा निघाला पोरगा, असंही मनात आलं.

इस्त्री झालेले शर्ट खाली काउंटरवर जात होते. पिशवीत घालून देणार असतील, एवढंच बाईंना वाटलं. छत्रीला मात्र दम नव्हता. तिने काकांच्या हातातून शर्ट घेतला, फ्रॉकवरच चढवला आणि जिन्याने खाली जाऊन कपड्यांच्या रांगांतून गिरक्या घ्यायला लागली.

आणि मग स्पीकर बोलला. "छत्रीचे पालक." पाठोपाठ "माशाचे पालक." मग "किल्लीचे पालक." बाईंनी काढायला लावलेल्या खुणा कुणीतरी शर्टांवरून एकेक उतरवून घेतल्या होत्या, आणि प्रत्येक खुणेपुढे किंमत टाकली होती.

बाई धावत खाली आल्या तेव्हा छत्रीची आई काउंटरपुढे उभी होती.

"पण मोफत लिहिलंय ना बाहेर?"

"खेळ मोफत, ताई," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिच्याकडून हे पाठ करून घेतलेलं होतं. "शर्ट निम्म्या किमतीत. फलकावर खाली लिहिलंय."

निम्मी किंमत म्हणजे छत्रीच्या आईची दोन दिवसांची मजुरी. ती वाकली आणि मुलीला म्हणाली, "हात वर कर."

"माझाय तो. बाई म्हणाल्या."

"हात वर कर म्हटलं ना."

शर्ट वर ओढताना मुलीच्या केसांतली पिन त्यात अडकली. ती कळवळली. आईने पिनेसकट शर्ट काढला, पिन सोडवली आणि शर्ट काउंटरवर ठेवला. घडी करून ठेवला. बाईंना नंतर कितीतरी दिवस ती घडीच डोळ्यांपुढे येत होती. मग ती मुलीला उचलून, कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेली.

मागच्या रांगेत टोपीवाला बाप पाकीट काढत होता. "जाऊ दे," तो बायकोला पुटपुटला. "पोरगं सोडतंय का आता? चारचौघांत ओढून घेऊ त्याच्याकडून?" त्याने पैसे दिले. त्याच्या मागच्यानेही दिले. चरफडत, पण सगळे देत होते.

मॅनेजर आपल्या काचेच्या खोलीत होता. बाईंनी दार वाजवलं नाही.

"अरे, काय चालवलंयस तू हे?"

"बसा ना बाई. पाणी घ्या. काय सुंदर घेतलात तुम्ही गट!"

"पाणी गेलं चुलीत. मुलांना मी शब्द दिला, तुझा शर्ट म्हणून. आणि तू त्याची बिलं फाडतोस?"

"शब्द तुम्ही दिलात, बाई. मी नाही." तो नम्रपणे बोलत होता, आणि त्यानेच बाईंचं डोकं जास्त भडकत होतं. "फलकावर स्पष्ट लिहिलंय सगळं."

"मला फलक सांगतोस? तुला वाचायला मी शिकवलं!"

"आणि मी लिहिलं होतं, बाई. तुम्ही वाचलं नाही."

बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. काचेतून दारातला फलक दिसत होता. त्याच्या तळाशी, जवळजवळ जमिनीला टेकलेली, मुंग्यांची रांग जावी तशी एक ओळ होती. सकाळी पिशवी सावरत त्या तिच्यावरूनच आत आल्या होत्या. पोराचं चुकलंच होतं, पण आपण काय मोठे दिवे लावले? पुढे व्हायची घाई, कौतुकाची हौस. हात दाखवून अवलक्षण.

"एवढं बारीक का लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"जागा कमी होती."

"मोफत हा शब्द हत्तीएवढा लिहायला जागा होती. किंमत लिहायला नव्हती?"

तो हसला. "बाई, धंदा आहे. आमचे कपडे खरंच स्वस्त असतात, विचारा कुणालाही."

"स्वस्त? फडक्यांचा माल तो! पोत्यातला!" बाईंनी दार उघडून जिन्याकडे तोंड केलं. "काका! सांगा ह्याला. नाकारलेला माल आहे की नाही?"

शिंपीकाका शर्टांचा गठ्ठा घेऊन खाली येत होते. ते पायरीवरच थांबले. मॅनेजरकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग हातातल्या गठ्ठ्याकडे. "मला नका ओढू ह्यात, बाई," ते म्हणाले. "घरी खाणारी तोंडं आहेत." आणि गठ्ठा काउंटरवर टाकून ते वर गेले. बाईंना त्यांचा राग आला, आणि तो राग धरता येत नाही ह्याचाही.

"चार वाजता दुसरा गट आहे," मॅनेजर म्हणाला. आता तो खरोखरच मदत मागत होता. "तीसजणांनी कळवलंय. तुम्ही फक्त सकाळचंच पुन्हा म्हणा. खूण केली की वस्तू तुझी. ते फार छान चालतं, बाई. मुलं मग शर्ट सोडतच नाहीत."

चौतीस वर्षं मुलांच्या हातात ठेवलेलं ते वाक्य ह्याने गळासारखं पाण्यात सोडलं होतं, आणि ह्याच्या आईने ह्याला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं तेव्हा हा रडू नये म्हणून त्यांनी तेच वाक्य ह्यालाही दिलं होतं.

त्या काउंटरवर गेल्या, घडी केलेला शर्ट उचलला आणि दाराकडे निघाल्या.

"बाई, त्याचे पैसे..."

"काही मानधन देणार असशील तर त्यातून काप. आणि उरतील त्याची शाई आण, मोठी अक्षरं लिहायला!"

रस्ता ओलांडून पलीकडे बसचा थांबा होता. छत्री बाकावर पाय हलवत बसली होती. तिची आई उभी होती. बाई धापा टाकत पोचल्या आणि शर्ट पुढे केला. मुलीने हात लांबवला. आईने तो हात धरून खाली घेतला.

"नको."

"अगं, मी दिलेत पैसे. घे."

"म्हणूनच नको." तिचा आवाज चढला नव्हता, पण धार होती त्याला. "त्यांचा शर्ट खपलाच की मग. मी नाही दिले तर तुम्ही दिलेत. त्यांना काय, कुणाचेही चालतात."

बाईंनी शर्ट मागे घेतला.

"तुम्ही तरी आधी विचारायचं होतं, बाई. तुमच्याकडे बघून बसलो आम्ही. त्या दुकानाकडे बघून नाही. म्हटलं, शाळेच्या बाई दिसताहेत, ह्या काही फसवायच्या नाहीत."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून काय होतंय? माझ्या शेजारणीला मीच सांगून आले, चारला जा, फुकट आहे, मजा येईल. तीन पोरं घेऊन येणार आहे ती. फोनही नाही तिच्याकडे. तिला कोण सांगणार? तुम्ही तर पिशवी सोडून निघून आलात!"

छत्री इतका वेळ एकीकडून दुसरीकडे बघत होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही खोटं बोललात?"

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. मुलांशी बोलायचं तर डोळ्याला डोळा यायला हवा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"खोटं नाही बोलले गं. पण नीट वाचल्याशिवाय बोलले. मोठ्यांनी असं करायचं नसतं."

"मग तुम्हाला शिक्षा?"

"आहे ना."

"काय?"

बाईंनी रस्त्यापलीकडे पाहिलं. "परत तिथंच जायचं."

बस आली. छत्रीची आई मुलीला घेऊन चढली. पायरीवरून मागे वळून म्हणाली, "शेजारीण लाल ओढणीत असेल. तीन पोरं, धाकटं कडेवर." आणि दार लागलं.

साडेतीनला बाई दुकानाच्या दारात फलकापाशी उभ्या होत्या. रखवालदाराला काय बोलावं कळेना, सकाळी त्यानेच त्यांना सलाम ठोकला होता. पहिलं कुटुंब आलं. आई, बाप, ढकलगाडीत एक आणि बोटाला एक. बाई वाकल्या, खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वर्गात वाचायच्या तशा खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचू लागल्या. "खेळ. मोफत. शर्टाची. निम्मी. किंमत. वेगळी. द्यावी. लागेल." मग हातातला शर्ट उलगडून बाह्या एकमेकींना लावून दाखवल्या. "आणि शर्ट हा असा. एक हात मोठा, एक लहान. आता आत जायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

बापाने बाह्यांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "चल, बागेत जाऊ," तो म्हणाला.

दुसरं कुटुंब तरीही आत गेलं. तिसरं थांबून वाद घालू लागलं, पण बाईंशी नाही, रखवालदाराशी. लाल ओढणीवाली आली तेव्हा धाकटं खरंच कडेवर होतं. तिने ओळ दोनदा वाचायला लावली, दातांखाली एक शिवी चावली आणि तिथंच उभी राहून मागून येणाऱ्यांना स्वतःच सांगायला लागली.

मॅनेजर बाहेर आला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणीही व्हायचे.

"बाई, तमाशा नका करू."

"मी कुठं काय करतेय? तुझंच लिहिलेलं वाचतेय. चूक वाचत असेन तर सांग."

त्याने आजूबाजूला पाहिलं. दहाबारा माणसं जमली होती, मुलं वेगळी. तो रखवालदारावर खेकसला, "बघतोस काय? फलक आत घे!"

रखवालदाराने फलक काखेत मारला आणि ओढत आत नेला.

"ने खुशाल," बाई म्हणाल्या. समोरून नवी चौघं येताना दिसत होती. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि पदर खोचला. "मला पाठ झालंय."