चिमाजीआबांच्या नळ्या

अश्विनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती सकाळी नऊ वाजता, प्रयोगशाळेच्या टेबलावर लाकडी पेटी उघडली तेव्हा. अकराला बारावीची रसायनाची प्रात्यक्षिक परीक्षा. आणि पेटीतल्या चारही काचेच्या नळ्यांवर जाड लाल ऑइलपेंटनं, गोल फिरवून, वरपासून खालपर्यंत रंगवलेलं: कै. चिमाजीआबा यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट.

अहो, वायू मोजायची नळी ती! पाण्यानं भरायची, पालथी धरायची, आत वायू जमला की पाणी खाली सरकतं आणि काचेवरच्या रेघांवरून तो किती मिली ते वाचायचं. इथं रेघ दिसेना की पाणी दिसेना. त्यापेक्षा शेवग्याची शेंग बरी, आमटीत तरी घालता येते.

वेल्ह्याच्या या कॉलेजात रसायन शिकवताना चार वर्षं ती नळ्यांसाठी प्राचार्य आनंदरावांच्या मागे लागली होती. तोवर मुलं पुस्तकातला आकडा जर्नलात उतरवायची. आयुष्यात एकदाही स्वतः काही न मोजता विज्ञानाची बारावी पास! हे तिला रोज टोचायचं. शेवटी नसरापूरचे टेम्पोवाले गोरखशेठ वडलांच्या नावानं नळ्या द्यायला तयार झाले. देवळातला पंखा असो की मंडळाचं पातेलं, देणाऱ्याचं नाव त्यावर यायचंच, मग नळ्या तरी कशा सुटणार? सव्वीस जानेवारीला त्यांना हार घातले, फोटो निघाले आणि आनंदरावांनी पेटी आपल्या कपाटात कुलूपबंद केली. मुलं फोडतील म्हणे. आज सकाळी कुठं ती बाहेर आली.

अश्विनी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पेंटरसाठी तो मजकूर सुबक अक्षरात कागदावर लिहून दिला होता तिनंच. पेटीवर रंगवतील असं ती धरून चालली. कशावर रंगवणार, एवढं विचारायला काय जीभ झडली होती?

आनंदराव डोकावले. एवढं काय मनावर घेता मॅडम, दरवर्षीसारखं पुस्तकातलं चाळीस लिहू द्या पोरांना, असं म्हणाले. नावाला मात्र हात लावायचा नाही, दुपारी गोरखशेठ फोटोला येणार आहेत. ते वळले आणि अश्विनीनं ब्लेड काढलं. खरवडलं, जोर लावून खरवडलं. पेंट निघाला, आणि त्याच्याबरोबर रेघाही निघाल्या. हातात कोरी काच राहिली. ती भिंतीवर फोडावी इतका तिला संताप आला.

परीक्षेसाठी गुंजवण्याहून पहिल्या एसटीनं आलेली बारावीतली प्रेरणा हे सगळं बघत होती. तिनं प्रथमोपचाराच्या डब्यातली इंजेक्शनची सिरिंज आणली, नळीत पाच मिली पाणी सोडलं, बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली आणि पाण्याशी पेनानं रेघ मारली. परत पाच मिली, परत रेघ. मधल्या जागा फूटपट्टीनं मोजून पाच-पाच भागांत विभागल्या. अश्विनीनं ब्लेड पुन्हा उचललं. तिनं उरलेल्या तीनही नळ्या खरवडायला घेतल्या आणि आलेल्या पोरांना कामाला लावलं.

अकराला बाहेरचे परीक्षक आले. ॲसिडमध्ये मॅग्नेशियमची पट्टी पडली, बुडबुडे नळीत चढले, पाणी खाली आलं आणि थांबलं. प्रेरणानं वाकून दोनदा वाचलं आणि अडतीस लिहिलं. आनंदराव मागून तिच्या कानाशी आले. पुस्तकात चाळीस आहे, मार्क जातील, चाळीस कर, म्हणाले.  पोरीला बीएस्सीला जायचं होतं, दोन मार्क जाणंसुद्धा जड होतं.

"सर, अडतीसच हाय," प्रेरणा म्हणाली. "म्या सोता बघितलंय."

परीक्षकांनी नळी उजेडात धरली, कागदी पट्टीकडं बराच वेळ बघितलं आणि अडतीसच्या खाली सही केली.

दुपारी गोरखशेठ आले. कोऱ्या नळ्या बघून त्यांचा चेहरा पडला आणि फोटो न काढताच ते गेले. चार वाजता अश्विनीच्या हातात आनंदरावांचा मेमो पडला: देणगीदाराच्या वडलांचं नाव खोडल्याबद्दल लेखी खुलासा करावा.

तिनं तिथंच, आनंदरावांच्या टेबलावर, उभ्या उभ्या लिहिलं.

"मजकूर मी लिहून दिला आणि तो कशावर रंगवणार हे विचारलं नाही, ही चूक माझी. नाव खरवडलं, कारण नळ्या वापरायच्या होत्या."