हळदीकुंकवाखालची हार्ड डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी, कोपऱ्याला टवका उडालेली हार्ड डिस्क आहे. माझी तबकडी कुठल्याशा परदेशी कारखान्यात घडली, पण जन्मगाव मी पेठ वडगावच मानते. इथल्या वर्षाराणीच्या व्हिडिओ स्टुडिओत मी राबले. लग्नं, बारशी, कुस्त्यांची मैदानं, सगळं पोटात घालून कोल्हापूर, जयसिंगपूर, कोडोली फिरले. लोक म्हणायचे, "ही हाय म्हणून काम हुतंय."

मग नखाएवढे पेन ड्राइव्ह आले आणि मी खणात गेले. कौतुक करणारी तोंडंच नवीन वस्तू दिसली की आधी फिरतात. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, वर्षाराणीचे सासरे हंबीरराव मला बाहेर काढत. कॅमेऱ्याशेजारी मांडून ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढत आणि परत खणात ठेवत. ही पूजा म्हणे!

एक दिवस जयसिंगपूरहून भरमाप्पा आले. त्यांच्या लेकीचं, शांभवीचं, लग्न वर्षाराणीनंच चित्रित केलं होतं. त्यात शांभवीची आई हळदीचं गाणं म्हणत होती. घरात तिला सगळे अव्वा म्हणत. लग्नानंतर ती वारली. तिचा आवाज आता फक्त स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि तो कॉम्प्युटर सकाळपासून घरघरत होता.

भरमाप्पांनी बाजारातून आणलेला पेन ड्राइव्ह पुढं केला. "ह्यात अख्खं जयसिंगपूर मावतंय, पोरी. वरच लिवलंय की."

लग्नाची भली मोठी फाईल त्यात गेली. भरमाप्पा उठले.

"थांबा अप्पा, उघडून बघू," वर्षाराणी म्हणाली.

फाईल उघडेना. पुन्हा भरली, पुन्हा तेच. वर मोठा आकडा छापलेला, आत जागाच नाही. असली फसवी वस्तू विकणाऱ्याला चौकात उभा करावा!

"म्हंजे गेली व्हय अव्वा?" भरमाप्पा मटकन खाली बसले.

वर्षाराणीनं खण उघडला आणि मला वायर जोडली. माझा दिवा लागेना. तिनं माझं तोंड उजेडात धरलं. वायर घुसायच्या जागी कुंकवाचा वाळलेला गोळा!

"मामा, हे काय?" तिनं शेजारी उभ्या सासऱ्यांना विचारलं.

"देव मानून लावलंय, वर्षा."

"देवाच्या नाकात कुंकू कोंबताय व्हय?"

एवढ्या दुःखातही भरमाप्पांना हसू फुटलं. वर्षाराणीनं कोरड्या ब्रशनं हलक्या हातानं सगळं साफ केलं. दिवा लागला. माझी तबकडी फिरू लागली. कॉम्प्युटर अडखळत होता, मी मात्र जागची हलले नाही. फाईल पुरी उतरली. वर्षाराणीनं मला लगेच लॅपटॉपला जोडून फाईल लावली, आणि खोलीत अव्वाचं गाणं सुरू झालं.

भरमाप्पांनी डोळे पुसले. "बघा, दुसऱ्या कडव्याला सूर सुटला. हितंच सुटायचा तिचा. आनि म्हनायची, पेटीच बेसूर हाय!"

मग वर्षाराणीनं दुकानातून नवी हार्ड डिस्क मागवली. तिच्यावर दुसरी प्रत उतरवली, तीही उघडून बघितली आणि मगच भरमाप्पांच्या हातात दिली. संध्याकाळी कॉम्प्युटर जो बंद पडला, तो पडलाच.

मित्रांनो, मी आता सुखात आहे. हंबीररावांनी खणाच्या कापडाची पिशवी शिवून आणली. खंडेनवमीला हळदीकुंकू त्या पिशवीला लागतं, माझं तोंड कोरडं राहतं. तुम्हीही मोठी फाईल न्यायची तर आमच्यावरचा आकडा वाचून भुलू नका. फाईल भरा, उघडून बघा, दुसरी प्रत दुसरीकडं ठेवा आणि आम्हाला आपटू नका. आमची पूजा खुशाल करा, पण आधी विचारा की आमचं तोंड कुठं आहे. माझ्या तोंडातून एका घराची अव्वा अजून गाते.