हिलालच्या चालीवर विठ्ठल

कीर्तन सोडून दुसरं गाणं मला कधी रुचलं नाही. तमाशाची ढोलकी कानी आली की मी वाट बदलायचो. ती ऐकलेल्या कानांनी हरिकथा कशी ऐकावी, असं वाटे.

सन अठराच्या आश्विनात मानमोडीचा ताप साक्रीकडच्या आमच्या गावात शिरला. घरटी एक तिरडी निघू लागली. तेव्हा गावानं मारुतीला नवस बोलला, की सात दिवस अखंड नाम चालवू, पण ताप परतव. वीणा खाली टेकायची नाही, नाम थांबू द्यायचं नाही. थांबलं की नवस मोडला. तिसऱ्या दिवशी माझी बायको मंजुळाबाई अंथरुणाला खिळली.

पाचव्या दिवशी दुपारच्या पहाऱ्याला देवळात मी आणि सुकदेव होतो. टाळ वाजवता वाजवता सुकदेव थरथरत खाली बसला आणि तिथंच आडवा झाला. पुढच्या पहाऱ्याचे दोघेही तापानं पडल्याचा निरोप आला. गळ्यात वीणा घेऊन मी एकटा उभा. घसा पार बसलेला. 'विठ्ठल' म्हणताना नुसती हवा निघू लागली.

बाहेर पायरीवर हिलाल बसला होता. त्याचा तमाशाचा फड या तापानंच मोडला होता, आणि गावातली प्रेतं सध्या तोच उचलत होता. आदल्या दिवशी तो नामाला उभा राहू का विचारत आला, तर मीच त्याला बाहेर बसवलं होतं. आता तो आपणहून आत आला.

"आबा, मना गया शाबूत शे. मी नाव लेस. पन माले फडनीच चाल येस."

त्याचा गळा शाबूत होता, पण चाल येत होती ती फडाचीच. मी मान हलवली की नाही, आठवत नाही. त्यानं नाम उचललं. ठसक्याची, लचकत जाणारी लावणीची चाल. माझ्या अंगावर काटा आला, तो रागानं. तेवढ्यात गावातले जाणते रुपचंद नाना काठी आपटत आले. यापेक्षा नवस मोडलेला बरा, असं काहीबाही बोलले, आणि माझ्याकडे वळले.

"अभिमन, उतार त्याले खाले."

मी नुसता हात वर केला असता तरी हिलाल थांबला असता. नामही थांबलं असतं. हात वीणेवरच राहिला, आणि नाइलाजानं मी ऐकत राहिलो. दर खेपेला 'विठ्ठल'चं शेवटचं अक्षर तो इतकं ताणून धरी, की जणू दाराशी उभं राहून कुणी आतल्याला हाक मारतंय, उत्तर आल्याशिवाय हलायला तयार नाही. सकाळीच गावातली दोन पोरं पुरून आलेला माणूस तो. माझ्या नामात अशी हाक कधी होती?

मी वीणा उतरवून त्याच्या गळ्यात घातली, आणि वीणा देताना रीत आहे तसा त्याच्या पायांना हात लावला. तो दचकला, पण नाम सोडलं नाही.

नाना बराच वेळ उभेच होते. मग काठी आडवी ठेवून भिंतीशी बसले.

मी सुकदेवाचे टाळ उचलले. चाल मला येईना, दोनदा चुकलो. हिलालनं माझ्याकडे पाहिलं आणि ती जरा संथ केली.