दर गुरुवारी अडणारी लिफ्ट

वरखाली हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण जो माणूस अठ्ठावीस वर्षं लिफ्टच्या दोरांवर पोट भरतो, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणायचं? त्याच्याबद्दल असं सांगत की तो बंद दाराला कान लावून आत माणसं किती आणि त्यातलं कोण घरी भांडून आलंय, हे बाहेरच्या बाहेर सांगे. भांडणाचं सोडा, माणसांचा आकडा मात्र सहसा चुकत नसे.

मग कंपनीने जुन्या लिफ्टचं खातंच बंद केलं. नव्या लिफ्टला रोग झाला की एक कार्ड काढायचं आणि दुसरं खुपसायचं. त्याला कान लागत नाही. वरखाली घरी बसला.

बसला म्हणायचं आपलं. सात महिन्यांत त्याचं बूड खुर्चीला लागलं असेल तर शपथ. पंखा त्याने तीनदा खोलला. दाराची बेल इतकी नाजूक केली की जिन्यात कुणी शिंकलं तरी ती वाजे. बायकोचं शिलाई मशीन एवढं हलकं केलं की खिडकीतून झुळूक आली तर ते आपणहून चार टाके घालून ठेवी. अखेर बायकोने सगळे स्क्रू-ड्रायव्हर पिठाच्या डब्यात पुरले.

"अहो, माझ्या गुडघ्याकडे असं बघू नका," ती म्हणाली. "आवाज करतो, पण चालतोय."

तिच्या थोरल्या भावाचं पडद्यांचं दुकान होतं. माणूस भला, पण सोफ्यासारखा. एकदा टेकला की हलत नसे. तो एका बुधवारी आला आणि म्हणाला, "भावोजी, सोमवारपासून काउंटरवर बसा. खुर्ची आहे, वर पंखा आहे."

"किती वेळ बसायचं?"

"दिवसभर."

"मधे उठायचं नाही?"

"कशाला उठायचं? गिऱ्हाईकच तुमच्याकडे येतं."

वरखाली उठून उभा राहिला. बायको दाराशी उभी होती. तिने समोरची रिकामी खुर्ची पदराने पुसली. "रविवारपर्यंत माझं काही जमलं नाही तर येतो," त्याने शब्द दिला.

आता तो हातावर हात ठेवून बसला होता असं नव्हे. ज्या साइटवर सगळं जग एकमेकांची ओळख काढत हिंडतं, तिथे मेहुण्याच्या मुलीने त्याला केव्हाच नेऊन सोडलं होतं. टाय लावलेला फोटो आणि खाली 'उभ्या वाहतुकीचे तज्ज्ञ'. बघता बघता नऊशे ओळखीचे झाले. त्यांतल्या एकालाही तो ओळखत नव्हता. कुणी पहाटे उठण्याचे फायदे सांगे, कुणी आपल्या अपयशाचे असे गोडवे गाई की आपण नापास का झालो नाही याची हुरहूर लागावी. वरखालीला तिथे अभिनंदनं पोतंभर मिळाली, एकदा तर नुसतं नाव नोंदवून सहा महिने झाले म्हणून. पण सात महिन्यांत एकानेही विचारलं नाही की बाबा, तुला येतं काय?

मुलाखतीचं बोलावणं एकच आलं होतं, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी. इमारतींची देखभाल बघणारी बडी कंपनी, नववा मजला, सकाळी दहा. वरखाली पावणेदहाला लिफ्टमध्ये शिरला. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे लिफ्ट बोलली. टक्, टक्, खर्र.

दुसरा कुणी असता तर नवव्यावर उतरला असता. वरखाली पुन्हा खाली आला. येताना आवाज नव्हता. मग परत वर. मग चौथ्यापासून पाचव्यापर्यंत. मग गुडघे टेकून, कान जमिनीला लावून. एक टायवाला आत आला, त्याला याने बोटाने गप्प राहायची खूण केली, आणि तो बिचारा तीन मजले श्वास रोखून उभा राहिला. अकराव्या फेरीला रखवालदाराने कॉलर धरून बाहेर काढलं तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

"काय म्हणाले ते?" बायकोने घरी विचारलं.

"रोलर झिजलाय. नाहीतर गाइडचा सांधा."

तिने कपाळावर हात मारला नाही, तेवढी ती सरावली होती. तिने पिठाचा डबा तेवढा उंच फळीवर ठेवला.

पण तो आवाज काही त्याच्या कानातून जाईना. शुक्रवारी सकाळी फोन घेऊन तो या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारू लागला. आवाज जसाच्या तसा लिहून त्याने शोधला, तर समोर राखाडी रंगाचं एक दळभद्री पान उघडलं. ना चित्र, ना नक्षी. वर लिहिलं होतं: 'ही पाटी फक्त लिफ्टवाल्यांची. फोटो लावू नये. अभिनंदन करू नये.'

वरखालीला गावाकडचं कुणी भेटल्यासारखं झालं. खाली कामांची यादी होती. बंदरावर मालाची लिफ्ट, ग्रीसची सवय हवी. खाणीत उतरायचा पाळणा, भित्र्यांनी येऊ नये. आणि सगळ्यात शेवटी: 'हॉस्पिटल. जुनी इमारत, जुन्या चार लिफ्ट. तीन शहाण्या, एक मनाला येईल तेव्हा अडते. कायमचा माणूस हवा. अर्जात आपल्याला न जमलेली एक लिफ्ट लिहिणे. अशी एकही नसेल तर अर्ज करू नये. खोटं बोलणारा माणूस दोराखाली नको.'

त्याच्या फेऱ्या थांबल्या. मग दुप्पट वेगाने सुरू झाल्या.

कारण तशी एक लिफ्ट होती, आणि तिच्याबद्दल तो अकरा वर्षांत बायकोलाही बोलला नव्हता. एका वाचनालयातली. दर गुरुवारी पाचव्या मजल्याजवळ हटकून अडायची, बाकी सहा दिवस गाईसारखी गरीब. तीन महिने त्याने डोकं आपटलं. शेवटी एका शुक्रवारी, ती नीट चालत असताना, त्याने कागदावर 'दुरुस्त झाली' असं लिहून सही ठोकली आणि पाय लावून पळाला.

शनिवारी दुपारी त्याने हे सगळं पाटीवर लिहिलं. सहीसकट.

त्या दुसऱ्या साइटवर असं काही लिहिलं असतं तर दोनशे जणांनी 'धाडसी कबुली' म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या. इथे पहिलंच उत्तर आलं ते 'गंज' नावाच्या कुणा म्हाताऱ्याचं. "पाचव्याच्या दाराचं कुलूप पाहिलंस?"

"पाहिलं. दहादा."

"मग डोळे तपासून घे."

"तुमचे काढून द्या, त्यांनी बघतो," वरखालीने लिहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि सात महिन्यांत प्रथमच त्याला झकास वाटत होतं. बंदरवाला मधे पडला, केबलवर संशय घेतला. गंजने त्याला केबलनेच बडवला. रविवारी सकाळी तिघे अजून भांडत होते, आणि वरखालीच्या चपलांनी स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत एक पायवाट पडली होती.

"दादाला काय सांगू?" बायकोने विचारलं.

"संध्याकाळपर्यंत थांब गं."

तेवढ्यात जाहिरात देणारी हॉस्पिटलची देखभालबाई प्रथमच बोलली. एकच ओळ. "गुरुवारी त्या वाचनालयात काय व्हायचं?"

"काही नाही," त्याने लिहिलं. "गुरुवारी वाचकांना बंद. पुस्तकं झटकायचे. धूळ जावी म्हणून सगळ्या खिडक्या सताड..."

अंगठा तिथेच राहिला. कोपऱ्यात शिलाई मशीनने, झुळूक लागून, दोन टाके घातले.

त्याने पुढचं धावत धावत लिहिलं. प्रत्येक मजल्याच्या दारात बोटाएवढा एक कॉन्टॅक्ट असतो. दार केसभर हललं तरी लिफ्टला वाटतं की दार उघडलं, आणि ती जागच्या जागी उभी राहते. खिडक्यांतून वारा यायचा, खालून लिफ्ट हवा ढकलत यायची, आणि दोघांच्या मधे पाचव्याचं सैल दार हलायचं. तो दाराकडे दहादा गेला होता, पण दर वेळी तक्रारीच्या दुसऱ्या दिवशी, खिडक्या बंद असताना.

मग गंज: "हं." त्या पाटीवर यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याची नोंद नाही.

संध्याकाळी बाईंचा निरोप आला. "आमचीही पाचव्याजवळच अडते. तिथे चादरी वाळवायची गच्ची आहे. तिचं दार उघडं राहिलं की नाही, हे आम्ही कधी बघितलं नाही. उद्या आठला या. मुलाखत नाही. ती लिफ्ट बंद आहे, बाकीच्या तीन रुग्णांना लागतात, जिना चढावा लागेल."

बायकोने पिठाचा डबा खाली काढला.

सोमवारी आठ वाजता वरखाली पाचव्यावर पोचला. देखभालबाई ठेंगण्या, कानाला पेन्सिल लावलेल्या. त्यांनी गच्चीचं दार उघडलं आणि त्याने वर्तमानपत्राची एक पट्टी लिफ्टच्या दाराच्या फटीशी धरली. पट्टी आडवी फडफडली. दार किंचित हललं, आणि आत कुठेतरी टक् झालं. दहा वाजेपर्यंत त्याने दार आवळलं, दाराचा झिजलेला रोलर बदलला, आणि गच्ची सताड उघडी ठेवून चाळीस फेऱ्या मारल्या. लिफ्ट एकदाही अडली नाही. फोन मात्र वाजला.

"भावोजी, दुकान उघडलं. खुर्ची पुसून ठेवलीय."

"तुम्हीच बसा," वरखाली म्हणाला. "तुम्हाला शोभते."

बाईंनी नेमणुकीचा कागद पुढे केला. त्याने पेन घेतलं आणि एका पायावरून दुसऱ्यावर होत राहिला.

"काय झालं?"

"मला या गुरुवारी रजा हवी."

"पहिल्याच आठवड्यात?"

"अकरा वर्षांपूर्वी एक सही खोटी केली होती. ती खरी करून येतो."

बाईंनी पेन्सिल काढली, गुरुवारवर काट मारली आणि म्हणाल्या, "जाताना रोलर इथूनच घेऊन जा. आणि खिडक्या उघड्या ठेवायला सांगा."

तोवर तो जिन्याच्या दिशेने निघालाही होता. सही राहिली होती, म्हणून परत आला.